'हिसॉप'ला मराठीत काय म्हणावं?

मातीत_हात: इंग्लंडातल्या आमच्या परसबागेवर मराठीत लिहितेय. वाफ्याच्या कडेने हिसॉप लावलाय. गुडघ्याएवढं झुडूप, चिंचोळी पानं, उन्हाळ्यात निळे तुरे आणि त्यांवर दिवसभर मधमाश्या. भाषांतराचं ॲप 'ब्राह्मी' म्हणतंय. बरोबर आहे का?

शब्दखोर: छे! इंग्रजीत 'वॉटर हिसॉप' म्हणतात ती नीरब्राह्मी, दलदलीत पसरणारी. तुमच्या हिसॉपच्या मुळाशी पाणी साचलं की तो गेलाच. त्याला भरपूर ऊन आणि निचऱ्याची, चुनखडीची जमीन लागते. कूळही वेगळं, तो तुळस-पुदिन्याच्या घरचा. आधीच ब्राह्मी म्हणून कुणी नीरब्राह्मी देतं, कुणी मंडूकपर्णी. त्या घोळात आणखी भर नको.

वसईकर: मराठी बायबलात 'एजोब' आहे की. 51 वं स्तोत्र बघा. शब्द लहानपणापासून कानावर आहे, झाड मात्र आमच्यात कुणी पाहिलेलं नाही.

शब्दखोर: शब्द झकास, पण मूळ हिब्रू 'एझोव' म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते ओरेगॅनोचा भाऊबंद, ज्याचा पश्चिम आशियात झातार नावाचा मसाला करतात. आजचा हिसॉप नव्हे. युनानी वैद्यकात खोकल्यावर 'जूफा' देतात, तोही शब्द आहे. पण आपल्याकडे त्या नावाखाली नेपेटा या पुदिन्याच्याच कुळातल्या दुसऱ्या वनस्पतीची एक जातही विकली जाते. बागेच्या लेखात सरळ 'हिसॉप' लिहा.

मातीत_हात: बरं, मग तो की ते? आणि हिसॉपची पानं की हिसॉपाची?

शब्दखोर: पुदिना, ओवा, ओरेगॅनो सगळे 'तो', म्हणून हाही 'तो'. एजोब मराठीत मुरला, त्याचं 'एजोबाने' झालं. हा अजून पाहुणा आहे, 'हिसॉपची'च बरं वाटतं.

वसईकर: स्वयंपाकात कसा वापरता, ताई?

मातीत_हात: चवळीच्या उसळीत कोवळी दोन-तीन पानं, बारीक चिरून. पुदिन्यासारखा वास, पण कडवट आणि कापराची झाक. जास्त पडला तर उसळ औषधासारखी लागते. इथले लोक चरबीदार मांसात घालतात. फुलं सॅलडवर छान दिसतात.

शब्दखोर: लेखात एक ओळ घालाच: हिसॉपचं तेल पोटात घ्यायचं नाही. त्यातल्या पिनोकॅम्फोन या रसायनामुळे झटके येऊ शकतात. गरोदर बायकांनी आणि फेफऱ्याच्या रुग्णांनी तर लांबच राहावं.

मातीत_हात: घालते. आणि फुलं सरल्यावरच्या छाटणीबद्दलही. नाही छाटला तर बुडाशी नुसत्या काड्या उरतात.