एकट्याने क्रूझ: केबिनचे दुप्पट पैसे खरंच भरावे लागतात का?

स्लो_लोकल

जानेवारी-फेब्रुवारीत एकटीने क्रूझ करायचा विचार आहे. डोक्यात दोन पर्याय आहेत. एक, मुंबईहूनच निघणारी कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीची तीन-चार रात्रींची फेरी, गोवा किंवा लक्षद्वीप. दुसरा, विमानाने सिंगापूर आणि तिथून चार रात्री मोठ्या बोटीवर. जाहिरातीत 'माणशी' म्हणून जो आकडा दिसतो, तो बुकिंगच्या पानावर एक प्रवासी टाकला की जवळजवळ दुप्पट होतो. एजंटांचं उत्तर ठरलेलं: "मॅडम, कुणीतरी पार्टनर शोधा."

पार्टनर शोधायचा नाहीये. नेमकं काय दुप्पट होतं, काय होत नाही, एकट्यांसाठी वेगळ्या केबिन असतात का, आणि तिकिटाव्यतिरिक्त किती पैसे हाताशी ठेवायचे, हे जाणकारांनी सांगावं. "अनुभव घेण्यासारखा आहे, जाच" अशी उत्तरं नकोत, प्लीज.

हिशोबनीस

जाहिरातीतला दर ट्विन शेअरिंगचा असतो. एका केबिनमध्ये दोघं धरून माणशी. बोटवाले विकतात केबिन, सांगतात माणशी, आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो. केबिनची संख्या ठरलेली. तिच्यात एकच माणूस राहिला तर दुसऱ्याचं भाडं तर जातंच, शिवाय बार, कॅसिनो, स्पा, किनाऱ्यावरच्या सहली यांवर खर्च करणारा एक खिसा कमी होतो. ती भरपाई म्हणजे सिंगल सप्लिमेंट. १५० टक्के, १७५ टक्के, २०० टक्के असं लिहिलेलं असतं. १०० टक्के म्हणजे एकाचंच भाडं; २०० टक्के म्हणजे रिकाम्या पलंगाचंही पूर्ण भाडं.

आता कामाचं. टक्केवारी फक्त मूळ भाड्याला लागते. बिलात साधारण तीन ओळी असतात: मूळ भाडं, पोर्ट चार्जेस व कर, आणि ग्रॅच्युइटी, म्हणजे टिप. शेवटच्या दोन डोक्यामागे असतात. डोकं एक, तर त्या एकदाच.

उदाहरणासाठी सोपे आकडे घेऊ. माणशी मूळ भाडं २४,०००, पोर्ट चार्जेस ५,०००, टिप ३,०००. जीएसटी बाजूला ठेवू. दोघं असतील तर माणशी ३२,०००. एकटी व्यक्ती, २०० टक्के: ४८,००० + ५,००० + ३,००० = ५६,०००. म्हणजे पावणेदोन पट. १५० टक्क्यांना तेच ४४,०००.

आणि एजंटने सरळ ३२,००० गुणिले २ करून ६४,००० सांगितले, तर वरचे ८,००० अशा माणसाचे पोर्ट चार्जेस आणि टिप आहेत जो बोटीवर चढणारच नाही. असं होतं. नेहमी मुद्दाम होतं असं नाही, पण होतं. म्हणून "टोटल किती" विचारू नका, "फेअर ब्रेकअप पाठवा" म्हणा, तेही व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा मेलवर, लेखी. ब्रेकअप देत नसेल तर एजंट बदला.

टिपचं एक: कुठे ती भाड्यात धरलेली असते, कुठे रोज तुमच्या केबिनच्या खात्यावर चढते. रॉयल कॅरिबियन या परदेशी क्रूझ कंपनीच्या बोटींवर साध्या केबिनला २०२५मध्ये माणशी रात्रीला १८.५० डॉलरचा दर होता. चार रात्रींचे ७४ डॉलर. वर बारच्या प्रत्येक बिलावर १८ टक्के आपोआप लागतात, त्यामुळे पावतीवर पुन्हा 'अ‍ॅडिशनल टिप' अशी रिकामी ओळ दिसली तर ती मोकळी सोडली तरी कुणाचा अपमान होत नाही.

डेक_नऊ

एकट्यांच्या केबिनबद्दल. त्यांना बहुतेक ठिकाणी स्टुडिओ किंवा सोलो केबिन म्हणतात. हे प्रकरण गाजलं २०१०मध्ये, नॉर्वेजियन एपिक ही बोट आली तेव्हा. तिच्यात १२८ स्टुडिओ होते, सुमारे १०० चौरस फुटांचे, आणि त्या प्रवाशांसाठी वेगळा लाउंज. १०० चौरस फूट म्हणजे किती हे मुंबईकराला सांगायला नको. बीडीडी चाळीतली खोलीसुद्धा १६०ची. पण एक पलंग, न्हाणीघर आणि बॅग ठेवायला कोपरा एवढं त्यात बसतं. पुढे क्यूनार्ड कंपनीने २०१६च्या दुरुस्तीत आपल्या क्वीन मेरी २ या बोटीवर १५ सिंगल केबिन बसवल्या. म्हणजे बाजारात ही सोय आहे, पण सरसकट नाही. कॉर्डेलियाची एम्प्रेस १९९०मध्ये बांधलेली बोट आहे, स्टुडिओची टूम त्यानंतर वीस वर्षांनी आली. तिथे आतली, म्हणजे खिडकी नसलेली, केबिन पूर्ण घ्यायची असंच गृहीत धरा.

स्टुडिओ दिसला म्हणून लगेच घेऊ नका. त्यांची संख्या मोजकी, त्यामुळे तारीख जवळ आली की भाव चढतो, आणि कधी कधी त्याच बोटीवरची दोघांची आतली केबिन २०० टक्के भरूनही स्वस्त पडते. जागाही दीडपट मिळते. एकच तारीख तीन वेळा तपासा: एक प्रवासी स्टुडिओ, एक प्रवासी आतली केबिन, आणि दोन प्रवासी आतली केबिन. तिसरा आकडा फक्त तुलनेसाठी. त्यातून दुसऱ्याचे पोर्ट चार्जेस आणि टिप वजा केले की कळतं तुमच्याकडून १५० टक्के घेतायत की २००.

'गॅरंटी' केबिन स्वस्त असते. प्रकार तुम्ही निवडता, नंबर ते देतात. मिळेल ती घ्यायची. अगदी पुढच्या टोकाची मिळाली तर पहाटे बंदरात नांगर टाकतानाचा साखळीचा खडखडाट, आणि डिस्कोच्या खाली आली तर रात्री दोनपर्यंत ढोलताशा. बोट लागते अशांनी गॅरंटी घेऊ नये. त्यांना हवी मधली, खालच्या मजल्यावरची. बोट हलते टोकांना आणि उंचावर.

एकट्याचा फायदा असलेल्या दोन जागा, ज्या कुणी सांगत नाही. रॉयल कॅरिबियनच्या सभासद योजनेत रात्रीला एक गुण मिळतो. केबिनमध्ये एकटे असाल आणि पूर्ण केबिनचे पैसे भरले असतील तर दोन. दुसरं, त्यांचं दारूचं पॅकेज एकाने घेतलं की त्या केबिनमधल्या सगळ्या प्रौढांना घ्यावं लागतं. एकट्याला ती कटकट नाही. वायफायही उपकरणामागे असतं, एकच फोन असेल तर एकच पॅकेज.

शंभरनंबरी

एक जुगाड ऐकलाय. "दुसऱ्या प्रवाशाला ६० टक्के सूट" अशी ऑफर असते तेव्हा दोघांचं बुकिंग करायचं आणि दुसरा आलाच नाही म्हणायचं. चालतं का?

हिशोबनीस

हिशोबात मोह पडण्यासारखंच आहे. वरचेच आकडे घ्या: २४,००० + ९,६०० मूळ भाडं, दोघांचे पोर्ट चार्जेस आणि टिप १६,०००, एकूण ४९,६००. एकटीचे ५६,०००. फरक ६,४०० रुपयांचा.

पण वेब चेक-इनला दुसऱ्याचं नाव, जन्मतारीख, ओळखपत्र लागतं. परदेशी फेरी असेल तर पासपोर्ट. काल्पनिक माणूस घालणं म्हणजे प्रवाशांच्या यादीत खोटी माहिती देणं. खऱ्या माणसाचं नाव घातलं आणि त्याने आधी रद्द केलं, तर उरलेल्याचं भाडं एकट्याच्या दराने पुन्हा लावायची अट नियमांत बहुधा असतेच. ती पुरवणी धक्क्यावर भरायला लागली तर सहा हजार वाचवायला जाऊन अख्खी सहल धोक्यात.

त्यापेक्षा बुकिंगच्या आधी सरळ विचारा की ही सूट एकट्याच्या रिकाम्या पलंगालाही लागू आहे का. काही ऑफरमध्ये असते, कारण २०० टक्के भरणारा प्रवासी सिस्टिमच्या लेखी दोन पलंगच विकत घेत असतो. मग तुमचे होतात ३३,६०० + ८,००० = ४१,६००. खोटं नाही, नाटं नाही, आणि जुगाडापेक्षा ८,००० कमी.

बंदरवारा

मुंबई की सिंगापूर, यात तिकिटाचा भाव एकमेकांसमोर ठेवून काही कळणार नाही. एकट्याला खरा फटका बसतो तो वाटून न घेता येणाऱ्या खर्चात. सिंगापूरला ज्या दिवशी बोट त्याच दिवशी सकाळी उतरायचं ठरवू नका. विमान चुकलं तर बोट थांबत नाही. म्हणजे आदल्या रात्रीचं हॉटेल आलं, आणि हॉटेलची खोलीही तुमच्या एकटीच्या माथी. विमानतळ-हॉटेल-टर्मिनल टॅक्सीचंही तेच. बोटीच्या स्वतःच्या सहली माणशी दराने असतात, तिथे एकट्याला भुर्दंड नाही. पण पेनांग किंवा फुकेतला उतरून खासगी टॅक्सी ठरवली तर चौघांचं भाडं एकटीने. सोबत चौघं जमवा नाहीतर बोटीची बस घ्या.

सिंगापूरच्या व्हिसाची फी ३० सिंगापूर डॉलर, वर एजंटचे पैसे. बोट सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परत येते तेव्हा तुमचा तो दुसरा प्रवेश असतो. व्हिसावर मल्टिपल लिहिलंय ना, हे प्रिंट हातात आल्याआल्या बघा. अरायव्हल कार्ड सरकारी साइटवर फुकट भरता येतं, पैसे मागणाऱ्या साइट त्या नव्हेत. पासपोर्ट सहा महिने वैध हवा.

मग कार्ड. बहुतेक क्रेडिट कार्डं परकीय चलनातल्या व्यवहारावर ३.५ टक्के मार्कअप, म्हणजे बँकेचा वरचा आकार, आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी लावतात, म्हणजे ४.१३ टक्के. लाखाला ४,१३० रुपये, हवेत. कमी मार्कअपचं कार्ड असेल तर तेच बोटीच्या खात्याला जोडा. मशीनवर "रुपयांत भरायचे का" विचारलं तर नाही म्हणा, तो दर नेहमी महाग असतो. भारतातल्या एजंटकडून परदेशी पॅकेज घेतलं तर टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, तोही कापला जातो. ऑक्टोबर २०२३पासून ७ लाखांपर्यंत ५ टक्के होता, एप्रिल २०२५पासून ती मर्यादा १० लाख झाली, आणि एप्रिल २०२६पासून तो सरसकट २ टक्के झाला. बजेटमध्ये हे दर हलतात, तेव्हा पैसे भरताना चालू दर विचारून घ्या. हा खर्च नाही, २६एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या तुमच्या कराच्या उताऱ्यात, दिसतो आणि रिटर्न भरताना वळता होतो. पण तोवर पैसे अडकतात आणि एजंटच्या कोटेशनमध्ये तो कधी धरलेला असतो, कधी नसतो. मुंबई-गोवा फेरीला यातलं काहीच नाही: व्हिसा नाही, टीसीएस नाही, आदल्या रात्रीचं हॉटेल नाही.

लक्षद्वीपला जायला परमिट लागतं, ते कोण काढणार आणि फी भाड्यात आहे का ते विचारा. तिथे मोठी बोट बाहेर नांगरते आणि लहान बोटींनी बेटावर नेतात. समुद्र खवळलेला असेल तर बेट रद्द, आणि पूर्ण भाडं परत मिळेल या भ्रमात राहू नका. ज्यांना फक्त बेटच बघायचंय त्यांनी क्रूझ करू नये, एवढं माझं स्पष्ट मत.

तारखा: नाताळ ते १ जानेवारी विसरा, त्या काळात सप्लिमेंट कमी करायचं कुणाला कारणच नाही. सुट्ट्या नसलेल्या आठवड्यातली, सोमवार-मंगळवारी निघणारी फेरी बघा. फेब्रुवारीच्या शेवटापासून घरोघरी परीक्षा, कुटुंबं कमी होतात, भाव नरमतात. शेवटच्या क्षणी स्वस्त मिळतं हे खरं, पण ते मुंबईहून निघणाऱ्यांसाठी. रॉयल कॅरिबियनला चार रात्रींपर्यंतच्या फेरीचे पूर्ण पैसे ७५ दिवस आधी भरायचे असतात, पाच किंवा जास्त रात्रींना ९०. न भरलेल्या केबिन त्यानंतर बाजारात येतात. तोवर विमान महाग झालेलं असतं.

काठावरची

टूर कंपन्यांच्या ग्रुपमध्ये रूम पार्टनर देतात, बायकांच्या ग्रुपमध्येही. त्यात सप्लिमेंट वाचतं. फक्त एक ओळ लेखी घ्या: पार्टनर मिळाली नाही तर फरक कोण भरणार. बहुतेक अटींमध्ये 'प्रवासी' असं बारीक अक्षरात असतं, आणि ते कळतं निघायच्या पंधरा दिवस आधी.

विमा घेताना 'क्रूझ कव्हर' वेगळं टिक करायचं असतं. बोटीवरच्या डॉक्टरचं बिल तुमच्या केबिनच्या खात्यावर चढतं, आधी भरा मग क्लेम करा, म्हणून कार्डाची लिमिट त्या हिशोबाने ठेवा. आणि बोट सुटली की फोन एअरप्लेन मोडवर. समुद्रातलं नेटवर्क पकडलं की रोमिंगचं बिल तिकिटाशी स्पर्धा करतं.

स्लो_लोकल

ब्रेकअप मागवला. पोर्ट चार्जेस खरंच दोनदा लावले होते! आता दुरुस्त करून देतायत. मुंबईहूनच जाते. शेवटचा प्रश्न: पोचायचं कुठे? एक जण भाऊचा धक्का म्हणतो.

बंदरवारा

भाऊचा धक्का नाही, ताई. तिथून मांडव्याची रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी फेरीबोट, सुटते, आणि तिथल्या टर्मिनललाही 'क्रूझ टर्मिनल' म्हणतात, म्हणून टॅक्सीवाले हमखास तिकडे नेतात. तुम्हाला हवं ते मुंबई इंटरनॅशनल क्रूझ टर्मिनल, बॅलार्ड पियर. टॅक्सीवाल्याला "बॅलार्ड इस्टेट, ग्रीन गेट" सांगा. लोकलने सीएसएमटी किंवा मेट्रो ३ने सीएसएमटी, पुढे बॅग घेऊन टॅक्सीच बरी. तिकिटावर जी चेक-इनची वेळ असेल ती पाळा. बोट सुटायच्या वेळेला पोचणं म्हणजे बोट चुकणं.

मोठी बॅग धक्क्यावरच घेतात आणि केबिनच्या दारात यायला काही तास लागतात. औषधं, चार्जर, ओळखपत्र, एक कपड्यांचा जोड खांद्यावरच्या पिशवीत. इस्त्री, स्वतःची दारू आणि सर्ज प्रोटेक्टरवाला एक्स्टेंशन बोर्ड ठेवू नका, काढून घेतात. उलटीची गोळी डॉक्टरला विचारून घ्या आणि बोट हलायच्या आधी घ्या, हलायला लागल्यावर तिचा उपयोग कमी. बॅगेचा छापलेला टॅग हँडलभोवती गुंडाळून स्टेपल करा. चिकटपट्टी तिथल्या दमट हवेत सुटते, आणि टॅग नसलेली बॅग रात्री उशिरापर्यंत खाली एका कोपऱ्यात वाट बघत पडते.