जात्यावरची गाणी आणि एपीए

ताई, अहिराणी जात्यावरच्या गाण्यांच्या प्रबंधात संदर्भ द्यायला एपीए शैली वापरू की एमएलए, असं विचारलंय तुम्ही. विद्यापीठाने शैली ठरवून दिली असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर एमएलए घ्या. जळगावच्या केळीच्या अर्थकारणावर लिहिणाऱ्याला आकडे कोणत्या सालचे हे महत्त्वाचं, म्हणून एपीएत नावापाठोपाठ वर्ष येतं. तुम्हाला ओळ कोणत्या पानावरची ते सांगायचंय. एमएलएत नाव आणि पान. शिवाय शिरपूरकडच्या आजींच्या मुलाखती आहेतच! स्वतः घेतलेली, अप्रकाशित मुलाखत एपीएच्या संदर्भसूचीत जातच नाही. एमएलएत आजींच्या नावाने रीतसर नोंद होते (नाव छापलेलं चालेल का, हे मात्र त्यांना आधी विचारा). एमएलएच्या नियमपुस्तकाची आवृत्ती नववी, २०२१ची वापरा. झोटेरोत (संदर्भ साठवून सूची बनवणारं सॉफ्टवेअर) आडनाव वेगळ्या रकान्यात भरा, नाहीतर सूचीचा क्रम बिघडतो.