बेसची पेटी कोपऱ्यात ठेवावी की पुढे ओढावी?

धागाकर्ता: सांगलीतल्या मंगल कार्यालयांत आमचा ऑर्केस्ट्रा वाजतो तेव्हा मी बेस गिटारची पेटी, म्हणजे तिच्या स्पीकरचे खोके, मागच्या कोपऱ्यात भिंतीला चिकटवून ठेवतो, आणि साउंड सांभाळणारे काका ती न चुकता पुढे ओढतात. माझ्या मते चूक त्यांची आहे. चहूकडे पसरणारा खर्ज भिंत पुढे परतवते, त्यामुळे एकाच भिंतीने तो ६ डेसिबलपर्यंत वाढू शकतो. एरवी तेवढ्यासाठी चौपट वॅट लागतील.

मिरजवासी: असहमत. कोपऱ्यातली पेटी खोलीचे सगळे अनुनाद (खोलीच्या मापामुळे जे ठरावीक सूर जास्त घुमतात ते) जागे करते. आमची तालमीची खोली सहा मीटर लांब असल्याने तिचा एक अनुनाद ५७ हर्ट्झच्या आसपास पडतो, आणि बेसची मोकळी ए तार ५५ हर्ट्झवर बोलते. ती छेडली की खिडक्या थरथरतात आणि शेजारचा सूर मात्र मुका वाटतो. मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावणारे, म्हणजे घोडी घासून तारेचा नाद जुळवणारे कारागीर याला आवाज म्हणणार नाहीत.

धागाकर्ता: पण पुढे ओढण्याचीही किंमत असते. पेटी भिंतीपासून एक मीटरवर आली की मागे जाऊन परतणारी लहर दोन मीटर जास्त चालते आणि ८६ हर्ट्झच्या जवळ मूळ लहरीला उलटी भिडते. डी तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा एफ ८७ हर्ट्झचा, म्हणजे नेमका तोच गिळला जातो. काकांचे अंतर साधारण एवढेच असते!

विश्रामबागकर: आपण दोघेही भिंतीवरच अडला आहात. गणेशोत्सवाच्या मंडपात कनाती असतात, आणि कापड खर्ज परतवत नाही. तिथे कोपऱ्याचा लाभ कोठून मिळणार? मला पेटीची ठेवण अधिक महत्त्वाची वाटते. दोन दहा इंची स्पीकर शेजारी-शेजारी ठेवले की मधल्या सुरांचा (ना खर्ज, ना ट्रेबल) आवाज आडवा पसरत नाही, एकावर एक ठेवले की पसरतो. त्यातही जमिनीवरची पेटी वादकाच्या गुडघ्यांना ऐकू जाते, म्हणून तो ट्रेबल वाढवत राहतो आणि पहिल्या रांगेतल्या वऱ्हाडाला ते टोचते. पेटी उभी करून मागे कलती ठेवावी. खुर्चीवर चढवल्यास पोकळ मंचाच्या फळ्यांचे घुमणेही कमी होते, मात्र खर्जाचे वजन थोडे जाते.

धागाकर्ता: उभी करणे मान्य, कार्यालयात मात्र कोपरा सोडणार नाही. ए तार फारच घुमली तर इक्वलायझरवर (ठरावीक सूर कमी-जास्त करणाऱ्या बटणांवर) ५५ हर्ट्झजवळ थोडे कमी करता येते.

मिरजवासी: खोलीत जिथे आवाज कमी पोहोचतो, ती जागा इक्वलायझरने भरत नाही. पेटीच हलवावी लागते.