मदत हवी आहे : बी.एस्सी. अ‍ॅग्रीनंतर परराष्ट्र सेवा की व्यापार सेवा?

नमस्कार मंडळी. आम्ही खानापूर तालुक्यातले. धाकट्या बहिणीचं धारवाडच्या कृषी विद्यापीठात शेवटचं वर्ष चालू आहे. दहावीपर्यंत मराठी शाळा. तिला परदेशातल्या आपल्या दूतावासात राहून इथल्या शेतमालाला बाजार मिळवून द्यायचाय.

2014 मध्ये युरोपीय संघानं फळमाशीच्या कारणानं आपला आंबा, वांगी, कारली बंद केली होती. आंब्यावरची बंदी 2015 ला उठली, ती इकडे तपासणी सुधारून आणि तिकडे बोलणी करून. हे वाचल्यापासून ती ठाम आहे, आणि मलाही तिचं पटतं. आमची भाजी पहाटे टेम्पोतून गोव्याला जाते. त्यापलीकडचा बाजार घरात कुणी पाहिलेला नाही.

यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेतून परराष्ट्र सेवा मिळते, तशी भारतीय व्यापार सेवाही, एवढं कळलंय. पण शेतमालाच्या निर्यातीचं काम प्रत्यक्षात कुणाच्या वाट्याला जास्त येतं? की आधी अपेडासारख्या (शेतमालाच्या निर्यातीला चालना देणारी केंद्र सरकारची संस्था) ठिकाणी अनुभव घ्यावा? वैकल्पिक विषय कृषी ठेवायचा तिचा विचार आहे. मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते, पण शेतीचं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालंय. मग माध्यम कोणतं निवडावं? यात मी अगदी अडलोय.

बेळगाव, निपाणी, चिकोडी भागातलं कुणी या वाटेनं गेलं असेल तर कृपया सांगा. उसाचं बिल आलं की बाबा क्लासची फी भरणार आहेत, त्याआधी कळलं तर फार बरं होईल.