मों-सें-मिशेल म्हणजे ब्रिटनी नव्हे

"मों-सें-मिशेल बघितलं की ब्रिटनी झाली, दोन दिवस पुरे," असं म्हणताय, पण ते बेट फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतात येतं हो, शेजारच्या ब्रिटनीत नव्हे! अस्सल ब्रिटनी बघायची तर पार पश्चिमेला, फिनिस्तेरला जा. तिथे पाट्या दोन भाषांत: कँपेर शहराचीच घ्या, वर फ्रेंचमध्ये कँपेर, खाली स्थानिक ब्रेटन भाषेत केम्पेर, म्हणजे संगम, दोन नद्या मिळतात तिथे. ही भाषा ब्रिटनमधल्या वेल्श भाषेची बहीण. कानावर पडायला मात्र नशीब लागतं, कारण बोलणारे बहुतेक म्हातारे. १९७७ पासूनच्या 'दिवान' (अंकुर) शाळांत थोडी मुलं शिकतायत, तेवढंच.

आणि तिथल्याच दुआर्नेने गावी क्वीन-अमान हा केक खाच. वरची साखर जळून कडकडीत, आतल्या थरांतून खारट बटर बोटांवर ओघळतं. नावाचा अर्थही सरळ, केक-लोणी! डाएटवाल्यांनी लांबूनच नमस्कार करावा.