'विल द सर्कल बी अनब्रोकन' (१९७२): तुमचं मत काय, आणि ऐकायचा कसा?

सूरशोध

निटी ग्रिटी डर्ट बँडचा हा तीन तबकड्यांचा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग ऐकला. पारंपरिक कंट्रीचा (अमेरिकेतल्या ग्रामीण परंपरेच्या संगीताचा) विषय निघाला की याचं नाव हमखास येतं, म्हणून अपेक्षा मोठी होती. डॉक वॉटसनचं 'टेनेसी स्टड' आणि मेबेल कार्टरची गाणी लगेच आवडली. पण बँजोच्या रचना माझ्या कानाला एकसारख्या लागतात, एक संपून दुसरी कधी सुरू झाली ते कळत नाही. रॉय एकफचा आवाज ताणलेला आणि कोरडा वाटतो. मधल्या गप्पांनी लय तुटते, त्या गाळून ऐकलं तर काही बिघडेल का?

आणखी एक. यात स्टील गिटारचा तो लांब ओढलेला सूर कुठेच जाणवला नाही. मग याला पारंपरिक कंट्री का म्हणायचं? जाणकारांनी सविस्तर सांगावं. स्ट्रीमिंगवर ऐकावं की तबकडीवर, तेही सांगा.

पाचवी_तार

गप्पा गाळू नका. हा अल्बम कसा तयार झाला ते कळलं की त्या तिथे का आहेत ते आपोआप कळेल.

ऑगस्ट १९७१, नॅशव्हिलचा वुडलँड स्टुडिओ. बँड कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचचा, लांब केसांची तरुण पोरं. समोर आधीच्या पिढीतले नामवंत: मेबेल कार्टर, बँजोवादक अर्ल स्क्रग्ज, डॉक वॉटसन, मर्ल ट्रॅव्हिस, जिमी मार्टिन आणि रॉय एकफ. ब्लूग्रासचा (बँजो, फिडल, मँडोलिनवरच्या वेगवान कंट्रीचा) जनक मानला जाणाऱ्या बिल मन्रोनं नकार दिला होता. एकफही आधी साशंकच होता. ध्वनिमुद्रण थेट टू-ट्रॅक मास्टरवर केलं, बहुतेक गाणी पहिल्या किंवा दुसऱ्या टेकमध्ये. म्हणजे मागाहून फिडल (व्हायोलिन) थोडं खाली घ्या, गाणाऱ्याला थोडं वर आणा, अशी सोयच नव्हती. जे संतुलन ऐकू येतं ते त्या क्षणी वादकांनी आणि ध्वनिमुद्रकानं साधलेलं. दुसरं एक टेप यंत्र आठवडाभर सतत चालू ठेवलं होतं. गप्पा त्यावरच्या. डॉक वॉटसन आणि मर्ल ट्रॅव्हिस यांची पहिली भेट त्यातच टिपली गेली आहे. डॉकनं मुलाचं नाव मर्ल ठेवलं ते याच ट्रॅव्हिसवरून, एवढं ठाऊक असलं की ते संभाषण गाण्याइतकंच मोलाचं वाटतं.

आता बँजो. रचना एकसारख्या वाटतात कारण कान वेगाकडे लागतो आणि धून निसटते. स्क्रग्ज तीन बोटांनी वाजवतो: अंगठा, तर्जनी, मध्यमा. एका मापात आठ सूर, आणि बरेचदा त्यांचे गट ३-३-२ असे पडतात. खालचा ठेका सरळ दोनाचा आणि वर हे तिनाचे गट, म्हणून ते वाजवणं पुढे पुढे ढकलल्यासारखं वाटतं. धून या सुरांच्या आत असते. अंगठा किंवा तर्जनी जो सूर जोरात मारते तो धुनेचा, बाकीचे भरणीचे. पाचवी आखूड तार वरच्या जी या पाश्चात्य सुरात लावलेली असते आणि ती सतत मध्ये वाजत राहते. नवा श्रोता तिच्यातच अडकतो. ती बाजूला ठेवून खालच्या तारा ऐका.

सुरुवात 'अर्ल्स ब्रेकडाउन'पासून करा. यात वाजवता वाजवता दुसरी तार बी वरून ए पर्यंत सैल करून परत चढवली जाते. तो घसरता सूर चुकणं शक्य नाही. मग 'फ्लिंट हिल स्पेशल' घ्या. तिथे दुसरीबरोबर तिसरी तारही जी वरून एफ शार्पला उतरते. यासाठी स्क्रग्जनं खुंट्यांशेजारी खास कॅम (तार सैल-घट्ट करणारे फिरते तुकडे) बसवले होते, ते ठरावीक जागी अडतात आणि तार नेमक्या सुरावर थांबते. नुसत्या कानानं इतक्या वेगात खुंटी फिरवली तर तार थोडी वर किंवा खाली राहतेच. या दोन रचना चार-पाच वेळा ऐका. एकसारख्या वाटल्या तर इथे येऊन सांगा.

एकफबद्दल माझं मत ठाम आहे. तो त्या वेळी ६७ वर्षांचा होता. माइकशी कुजबुजण्याच्या काळातला तो गायकच नव्हे, तंबूतल्या आणि सभागृहातल्या गर्दीत शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची ती गायकी आहे. 'द प्रेशस ज्युएल'मध्ये ओळीच्या शेवटी आवाज जिथे फाटायला येतो तिथेच दुःख आहे. तो गुळगुळीत केला तर गाण्यात काही उरणार नाही.

खर्ज_आणि_चॉप

वरच्या उत्तरात एकच भर. तालवाद्य शोधू नका, ठेका मुख्यतः दोन वाद्यांत वाटलेला आहे. उभा बास १ आणि ३ या मात्रांवर, मँडोलिनचा तुटक 'चॉप' २ आणि ४ वर. बास ज्युनियर हस्कीचा. हे ध्वनिमुद्रण झाल्यावर महिनाभरातच तो गेला. छोट्या स्पीकरवर त्याचं काम जवळजवळ नाहीसं होतं आणि मग सगळी मैफल हवेत तरंगल्यासारखी वाटते. पुष्कळांना अल्बम 'पातळ' वाटतो त्याचं कारण हेच असावं. पण बास बूस्टही लावू नका. त्यानं खर्ज फुगतो आणि चॉप बुडतो.

'कॅननबॉल रॅग'मध्ये ट्रॅव्हिसची गिटारही अशीच ऐका. अंगठ्यानं खर्जाच्या तारा आळीपाळीनं, तळहाताची कड ब्रिजपाशी टेकवून दाबलेल्या, आणि वर तर्जनीची धून. दोन गिटार वाटतात, आहे एकच.

स्टीलप्रेमी

स्टील गिटारच्या प्रश्नावर मी विचारणाऱ्याच्या बाजूचा. अल्बम थोर आहे, पण तो कंट्रीच्या एकाच धारेचा आहे: डोंगराळ भागातली जुनी गाणी, फिडलच्या धुना आणि ब्लूग्रास. घसरता सूर इथे डोब्रो हा गिटारचा प्रकार देतो, नॉर्मन ब्लेक आणि ऑस्वाल्ड कर्बी यांचा. मांडीवर आडवा ठेवून, तारांवर पोलादी दांडी फिरवून वाजवतात. आत धातूचा शंकू असल्यानं आवाज खणखणीत येतो आणि लवकर विरतो. 'सेलिन ऑन टू हवाई' ऐका, फरक लगेच कळेल.

तुम्हाला हवा आहे तो सूर पेडल स्टीलचा. वेब पिअर्सच्या १९५४ च्या 'स्लोली'मध्ये बड आयझॅक्सनं सूर वाजत असतानाच पेडल दाबून तारा चढवल्या, आणि त्यानंतर नॅशव्हिलमध्ये सगळ्यांना तेच हवं झालं. तारा लावण्याच्या प्रचलित 'ई नाइन' पद्धतीत एक पेडल बी चा सी शार्प करतो, शेजारचा जी शार्पचा ए. दांडी जागच्या जागी राहते, एक सूर स्थिर आणि दुसरा त्याच्या अंगावरून सरकत जातो. डोब्रोवर हे होत नाही, दांडी हलली की सगळे सूर एकत्र सरकतात. यासाठी रे प्राइस, बक ओवेन्स आणि मर्ल हॅगर्ड ऐकायला हवेत.

याच कारणानं मला 'हाँकी टाँकिन' आणि 'हाँकी टाँक ब्लूज' ही हँक विल्यम्सची गाणी या अल्बममधली सर्वांत कमकुवत वाटतात. बँडच्या पोरांनी मनापासून गायली आहेत, पण आवाजाला वजन नाही. शेजारी जिमी मार्टिनचं 'माय वॉकिन शूज' असल्यावर ते फारच उघडं पडतं.

पाचवी_तार

धारेचा मुद्दा मान्य. पण 'डार्क ॲज अ डन्जन' हे कोळसा खाणीचं गाणं ज्यानं लिहिलं त्याच ट्रॅव्हिसच्या तोंडून, आणि मागे एवढीच वाद्यं, हे पेडल स्टील घालून चांगलं झालं असतं असं मला नाही वाटत.

खोबण

माध्यमाबद्दल. स्ट्रीमिंगवर तीन गोष्टी बघा. शफल बंद. गॅपलेस (दोन ट्रॅकमध्ये खंड न पडू देणारी सोय) चालू, नाहीतर बोलणं आणि गाणं जिथे जोडलंय तिथे कट ऐकू येतो. आणि आवाज समान करण्याची सोय प्रत्येक ट्रॅकपुरती असेल तर काढून टाका किंवा 'अल्बम'वर ठेवा. ट्रॅकवर ठेवली की हळू बोललेल्या गप्पा वर ओढल्या जातात आणि पुढचं गाणं त्यामानानं दबकं लागतं. तुमची लय तुटते त्यात याचा हात नक्की असणार.

जुना संच घेत असाल तर तिन्ही तबकड्या काढून तिरप्या उजेडात बघा, आणि प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं वाजवून बघा. आतल्या वळणांवर खोबणीचा वेग कमी पडतो, आणि झिजलेल्या सुईनं वाजवलेली प्रत तिथे आधी बिघडते. फिडलचे वरचे सूर आणि 'स'कार चरचरले की सोडून द्या, धुऊन ते जात नाही. सुईचा भार कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या भागाच्या) माहितीपत्रकात दिलाय तेवढाच ठेवा. कमी ठेवला की खोबण वाचते हा गैरसमज आहे. सुई उडते आणि भिंती जास्त खरवडल्या जातात.

सूरशोध

सगळ्यांचे आभार. समान आवाजाची सोय खरंच ट्रॅकवर होती, बदलली. 'अर्ल्स ब्रेकडाउन'मधली ती घसरती तार आता स्पष्ट कळते. १९८९ चा दुसरा खंड लगेच ऐकू का?

पाचवी_तार

ऐका, पण नंतर. तो खंड त्या वर्षी सीएमएचा (कंट्री म्युझिक असोसिएशनचा) 'अल्बम ऑफ द इयर' ठरला, जॉनी कॅशचं 'लाइफ्स रेल्वे टू हेवन' त्यात आहे, ध्वनी जास्त स्वच्छ आहे. आधी मागे जा. मेबेलच्या जुन्या संचाचं, कार्टर फॅमिलीचं, मे १९२८ मध्ये न्यू जर्सीतल्या कॅमडेनला मुद्रित झालेलं 'वाइल्डवुड फ्लॉवर' घ्या आणि लगेच १९७२ च्या अल्बममधलं. जुन्यात मेबेल अंगठ्यानं खर्जाच्या तारांवर धून वाजवते आणि तर्जनीनं वरच्या तारा झटकते. खरखर खूप आहे, आवाज वाढवून ऐका आणि फक्त अंगठ्याकडे लक्ष ठेवा.