रिन सेइको यांना कसं विसरता?

रियुक्यूचं (म्हणजे आजच्या ओकिनावा बेटांचं) राज्य 1879 मध्ये जपानने खालसा केलं, तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांनी हूं की चूं केलं नाही, असं काहीजण म्हणतात. मला हे मुळीच पटत नाही. रिन सेइको यांचंच बघा. रियुक्यूतल्या कुमे गावचे विद्वान, बीजिंगच्या राजविद्यालयात शिकलेले. 1876 मध्ये राजाच्या वतीने गुपचूप चीनला जपानविरुद्ध मदत मागायला गेले. अर्जावर अर्ज केले. 1880 मध्ये चीन आणि जपान रियुक्यूच्या बेटांची वाटणी करायला बसले: मियाको, याएयामा हे बेटसमूह चीनला, बाकी जपानला. रिन यांनी चिनी परराष्ट्र कचेरीला शेवटचा अर्ज लिहिला आणि 20 नोव्हेंबरला बीजिंगमध्येच प्राण दिले. त्याआधी दोन कविता लिहिल्या. राजनिष्ठा आणि आईवडिलांची सेवा, दोन्ही कितीजणांना साधलं, असं त्यात विचारलंय. ते वाचताना माझा घसा दाटून येतो. वाटणीच्या करारावर चीनने सही केलीच नाही.